खाट वापरात आहे

लिलावात माणसाने निदान स्वतःच्याच बोलीवर बोली चढवू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. ती नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला पदोपदी आश्चर्य वाटायला नको.

कारण साधं होतं. आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आडवं झोपता येईनासं झालं होतं. पाठ टेकली की दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, डोक्याकडून उंच होणारी दवाखान्यातली खाट आणा, तिच्यावर अर्धवट बसून झोपतील. तोवर अण्णा बाहेरच्या खोलीतल्या लाकडी खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचे. मान एकदा डावीकडे कलायची, एकदा उजवीकडे, मग पुढे पडायची, आणि पुढे पडली की ते जागे व्हायचे. अशी झोप मी आमच्या ऑफिसात रोज घेतो, पण मला तिचा पगार मिळतो. अण्णांचे नुसते हाल. मला ते बघवत नव्हतं, आणि घर एवढंसं असल्यामुळे न बघण्याची सोयही नव्हती. नव्या खाटेची किंमत विचारायला गेलो, तर दुकानदाराने किंमत सांगून वर प्यायला पाणी दिलं. ते पिऊन घरी आलो.

लिलावाची बातमी खालच्या मजल्यावरच्या सल्लागारांनी आणली. त्यांचं हे नाव आमच्या बायकोने ठेवलेलं आहे. या गृहस्थांनी आयुष्यात जे जे केलेलं नाही, त्याची त्यांना खडान्‌खडा माहिती असते.

"अहो, पलीकडच्या रस्त्यावरचा तो छोटा दवाखाना नाही का, त्याला टाळं लागलंय. कर्ज थकलं. सगळं सामान लिलावात निघतंय. मातीमोल जातं तिथे. आपल्यासारखी माणसं जात नाहीत, म्हणून भंगारवाल्यांचं फावतं."

"मग चला की बरोबर," मी म्हटलं.

"छे," सल्लागार म्हणाले, "आपल्यासारखी माणसं तिथे जात नाहीत."

अडचण वेगळीच होती. अण्णा जन्मभर कोर्टात बेलिफ होते. नोटिसा बजावणं आणि जप्त्या करणं हेच त्यांचं काम. लोकांच्या घरातली कपाटं, घड्याळं, शिलाईयंत्रं त्यांनी यादी करून बाहेर काढली, आणि जप्तीची साधी टाचणीही कधी घरी आणली नाही. माझ्या लहानपणी आमच्याकडे रेडिओ नव्हता आणि अण्णांच्या हातून महिन्याला चार रेडिओ जात होते. आई त्यावरून बोलायची. अण्णा म्हणायचे, "दुसऱ्याच्या घरातून रडत निघालेली वस्तू आपल्या घरात गाणार नाही." यावर आई आणखी बोलायची.

त्यांचे म्हणून काही नियम होते. माणसाच्या अंथरुणाला हात लावायचा नाही, तो तर कायद्यातलाच. दुसरा त्यांचा स्वतःचा: घरधनी झोपलेला असेल तर त्याला उठवून जप्ती करायची नाही, बसून राहायचं. ही गोष्ट हळूहळू सगळ्यांना कळली, आणि अण्णा जिन्यात दिसले की भर दुपारी माणसं घोरायला लागायची. "खरा झोपलेला आणि सोंग घेतलेला ओळखायचा कसा, सांगू?" अण्णा आम्हाला विचारत. "तोंडाकडे बघायचंच नाही. तोंड सगळ्यांना सांभाळता येतं. पायाचा अंगठा बघायचा. झोपलेल्याचा अंगठा सैल पडतो, जाग्याचा ताठ असतो." मग अंगठा ताठ असला तर काय करायचात, असं मी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "तरी बसायचंच. कधीतरी पाणी प्यायला उठतोच माणूस."

तेव्हा अण्णांना काही सांगायचं नाही असं बायकोचं आणि माझं ठरलं. ओळखीच्या माणसाने खाट दिली, असं सांगायचं. ओळखीचा माणूस कोण, ते खाट आल्यावर ठरवायचं.

लिलाव दवाखान्याच्याच मागच्या अंगणात होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, ही पहिली चूक. तिथे जमलेले सगळे भंगारवाले एकमेकांना ओळखत होते आणि मला कोणीच ओळखत नव्हतं, त्यामुळे मी कोणीतरी मोठा माणूस असणार असा समज पसरला. कारकुनाने वाचून दाखवलं की माल आहे तसा आणि आहे तिथून न्यायचा, नंतर तक्रार चालणार नाही. आमच्या लग्नातही जवळपास हेच सांगितलं होतं, असं माझ्या मनात आलं, पण तिथे हे ऐकवायला जवळ कोणी नव्हतं.

खाट एकच होती. चांगली भक्कम, पांढऱ्या रंगाची, पायथ्याशी फिरवायचा दांडा. मी हळूच दांडा फिरवून पाहिला. कर्र कर्र करत डोक्याकडची बाजू उठली. मला भरून आलं. दवाखान्यातल्या खाटेकडे इतक्या प्रेमाने बघणारा माणूस त्या अंगणात मी एकटाच असेन.

"खाट केवढ्याला?" मी कारकुनाला विचारलं.

"खाट सुटी नाही. लॉट आहे. खाट, वजनकाटा, डोळे तपासायचा तक्ता, लाल दिव्याची पाटी आणि बाकडी. सगळं एकत्र."

"पण मला फक्त खाट हवीय."

"सगळ्यांना फक्त काहीतरी हवं असतं," कारकून म्हणाला, "म्हणून तर लॉट करतात."

बोली सुरू झाली. मी एक आकडा बोललो. अंगणात शांतता पसरली. वाटलं, मागे कोणीतरी वरचा आकडा बोलायच्या बेतात आहे. खाट जाणार, अण्णांची मान पुढे पडत राहणार. मी घाईने आणखी वरचा आकडा बोललो. पुन्हा शांतता. मी तिसरा आकडा उच्चारला, तेव्हा लिलाव पुकारणारा माणूस खाली वाकून हलकेच म्हणाला, "साहेब, तुमच्यासमोर कोणी नाहीये. तुम्हीच आहात." एक भंगारवाला तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळला. एक वार, दोन वार, तीन वार झालं आणि माल माझा झाला. तरीही सगळं मिळून नव्या खाटेच्या मानाने फारच स्वस्त पडलं होतं. माझ्याच मनाची समजूत म्हणून हे मी पुढे दिसेल त्याला सांगत सुटलो, आणि तिथेच सगळं बिघडलं. पण ते नंतर.

माल उचलायचा परवाना मिळायला ज्या साहेबांची सही लागते ते रजेवर होते. त्यांच्या जागी असलेले साहेब म्हणाले, मी सही करू शकतो, पण शिक्का त्यांच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली कुठे आहे, हे विचारायला मी इतक्या वेळा गेलो की तिथला शिपाई मला कर्मचारी समजून चहा आणायला पाठवू लागला. मी दोनदा आणलाही. शेवटी माल मिळाला, टेंपो मिळाला, आणि खाट आमच्या दारातून आत जाईना. सल्लागारांनी जिन्यात उभं राहून ती तिरकी करायला सांगितली, मग उलटी, मग पुन्हा होती तशी. सरतेशेवटी सुताराला बोलावून दार बिजागऱ्यांतून काढलं. दाराशिवायच्या घरात त्या दिवशी सगळी इमारत येऊन गेली.

बाकड्यांचं म्हणजे असं होतं की चार खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीवर जोडलेल्या. त्या सुट्या होत नाहीत आणि भिंतीशिवाय कुठे मावत नाहीत. भिंतीला लावल्या, आणि आमच्या बाहेरच्या खोलीचा तात्काळ दवाखाना झाला. समोरच्या काकू रोज सकाळी वजन करायला येऊ लागल्या. काटा जास्त दाखवला की चपला काढून पुन्हा, मग बांगड्या काढून पुन्हा. सल्लागार एक डोळा झाकून तक्ता वाचून दाखवायचे आणि खालची ओळ पाठ करून आले असल्याचं चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाहीत. 'आत तपासणी चालू आहे' ही लाल दिव्याची पाटी बायकोने न्हाणीघरावर लावली. ती खरोखरच उपयोगी पडली, पण माणूस आत असताना बाहेर लाल दिवा लागलेला असला की मोकळेपणा राहत नाही.

आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते अण्णा लाकडी खुर्चीतून हलले नाहीत.

खाट आली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून काठीने चादर बाजूला सारून पायाकडे बघितलं. तिथे जप्तीच्या मोहरेच्या लाखेचा एक डाग राहिला होता. मी तो बघितलाच नव्हता.

"ओळखीच्या माणसाने दिली," मी म्हणालो.

"हो," अण्णा म्हणाले. "त्याला मीही ओळखतो. चाळीस वर्षं त्याच्याकडे नोकरी केली."

बायको आत निघून गेली. मी एकटाच सापडलो.

"अण्णा, आता रडून निघालेली वस्तू वगैरे काढू नका. तुम्हाला झोप हवी आहे. ही खाट आहे. सरळ हिशेब आहे."

"माणसाच्या अंथरुणाला हात लावायचा नसतो."

"अहो, ती दवाखान्याची आहे. अंथरूण कसलं, धंद्याचं सामान ते."

"यावरून कुणाला उठवलं?" अण्णांनी विचारलं. "टाळं लावायला गेले तेव्हा हिच्यावर कोण होतं? आजारी माणूसच असणार ना. त्याला उठवून बसवलं असेल कुठल्यातरी बाकड्यावर. ते कळल्याशिवाय मी यावर पाठ टेकणार नाही."

माझा संताप झाला. आपल्या बापासाठी आपण शिपायाला चहा आणून द्यावा आणि बापाने परक्या माणसाची चौकशी करावी, याला काय म्हणायचं? मी तसं बोलूनही दाखवलं. थोड्या वेळाने अण्णांची मान डावीकडे कलली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याचे डॉक्टर शोधून काढले. ते आता दुसऱ्याच्या दवाखान्यात एका कोपऱ्यात बसून नोकरीसाठी लागणारे तब्येतीचे दाखले लिहीत होते. माणूस तसा सभ्य, पण चेहरा असा की दाखला न्यायला आलेला धडधाकट माणूसही जाताना विचारात पडावा.

"त्या खाटेवर? जप्तीच्या वेळी?" ते म्हणाले. "कोणी नव्हतं. त्या खाटेवर कधीच कोणी नव्हतं. माझ्याकडे पेशंट आला असता, तर तुमच्याकडे खाट आली असती का?"

"म्हणजे कोणीच झोपलं नाही?"

"दुपारी मी झोपायचो. काय करणार दुसरं?" मग त्यांनी सहज विचारलं, "केवढ्याला मिळाली हो?"

आणि मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, लॉटमध्ये काय काय आलं त्याचं रसभरित वर्णन केलं, आणि माझ्यासमोर बोली लावायला कोणीच नव्हतं हेही, जरा फुशारकीनेच, बोललो. डॉक्टर ऐकत राहिले. त्यांनी लेखणीला टोपण लावलं. "एवढ्यातच?" ते म्हणाले. "सगळं मिळून एवढ्यातच?" तेव्हा मला काही कळलं नाही. मी आनंदात घरी आलो.

"फक्त डॉक्टर झोपायचे," मी अण्णांना सांगितलं.

अण्णांनी विचार केला. "डॉक्टरला उठवायला हरकत नाही," ते म्हणाले. "त्यांना सवय असते."

आम्ही दोघांनी त्यांना धरून खाटेवर बसवलं. मी दांडा फिरवला, कर्र कर्र करत खाटेची पाठ त्यांच्या पाठीला येऊन टेकली. अण्णांनी डोळे मिटले. आम्ही उभेच होतो. मान डावीकडे गेली नाही, उजवीकडे गेली नाही, पुढे पडली नाही. बायकोने माझा दंड धरून मला पायांकडे बघायची खूण केली. अंगठा सैल पडला होता. खोटं कशाला बोलू, मी न्हाणीघरात जाऊन रडलो. बाहेर लाल दिवा लागलेला होता, म्हणून कोणी आलं नाही.

मग हुकूम आला. डॉक्टरांनी कोर्टात अर्ज केला होता की लिलावाला गिऱ्हाईक नव्हतं, एकच माणूस स्वतःवरच बोली चढवत होता, आणि माल कवडीमोलाने गेल्यामुळे कर्ज तसंच राहिलं. पुरावा म्हणून माझंच बोलणं. लिलाव रद्द झाला. सगळा माल परत जमा करायचा, पुन्हा लिलाव होणार, आणि माझे पैसे मला यथावकाश मिळणार. यथावकाश या शब्दाचा अर्थ आमच्या घरात फक्त अण्णांना नीट माहीत होता.

"तुम्ही पुन्हा बोली लावा," सल्लागार म्हणाले. "फक्त या वेळी बोलू नका."

मी हुकूम अण्णांना वाचून दाखवला, कारण त्यात काहीतरी चूक काढतील अशी आशा होती. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला, मागून-पुढून बघितला आणि परत दिला.

"हुकूम बरोबर आहे. खाट द्यावी लागेल."

"आणि तुम्ही?"

"खुर्ची आहे ना माझी," अण्णा म्हणाले. पण बोलताना त्यांनी खुर्चीकडे बघितलं नाही.

माल न्यायला बेलिफ आला तो अण्णांच्या हाताखाली तयार झालेला. अण्णा त्याला अजूनही 'पोरगा' म्हणायचे. पोरग्याला टक्कल पडलं होतं आणि गुडघे दुखत होते. जिना चढून तो दम खात दारात उभा राहिला. बरोबर दोन हमाल. मी दार उघडलं आणि सांगायला वळलो, "अण्णा, तुमचा पोरगा आलाय," तर अण्णा झोपले होते. आत्ता, चहाचा कप खाली ठेवला तेव्हा जागे होते.

बेलिफ आत आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. अण्णांचं तोंड शांत होतं, श्वास एका लयीत चालला होता. मी पायाकडे बघितलं. चादरीबाहेर आलेला अंगठा खिळ्यासारखा ताठ होता. चाळीस वर्षांत ज्यांनी एक टाचणी घरी आणली नाही, ते माझे अण्णा भर दुपारी सोंग घेऊन पडले होते. लाजेने माझे कान तापले. बेलिफ त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"साहेब गाढ झोपलेत," तो म्हणाला आणि बाकड्यावर बसला. बसून राहिला. बायकोने चहा दिला. मग त्याने कागद काढून वाचत वाचत लिहिलं, "खाट वापरात आहे. इसम झोपेत आहे. सबब आज ताबा घेतला नाही." हमालांना वजनकाटा आणि तक्ता उचलायला सांगितलं. काकूंना फार वाईट वाटलं.

"बाकडी?" मी विचारलं.

"ती शेवटी नेऊ," तो म्हणाला. "मला बसायला लागतील."

त्यानंतर तो दर आठवड्याला यायचा. दर वेळी काहीतरी न्यायचा, म्हणजे वरच्यांना दाखवायला काम होतं. एकदा लाल दिव्याची पाटी नेली. एकदा पाटीची वायर न्यायला वेगळा आला. दर वेळी तो आला की अण्णा झोपलेले असायचे, अंगठा ताठ, आणि तो बाकड्यावर बसून चहा घ्यायचा, कोर्टातल्या गप्पा मोठ्याने मला सांगायचा. कोण निवृत्त झालं, कोणाची बदली झाली, कुठल्या जिन्यात कुत्रं मागे लागलं. मला त्यातलं कोणीच माहीत नव्हतं. कधी कधी झोपलेल्या अण्णांच्या मिशीचं टोक हलायचं. तो गेला की अण्णा डोळे उघडून विचारायचे, "पोरगा येऊन गेला का?" आम्ही सांगायचो, गेला. "उठवायचं होतं मला," अण्णा म्हणायचे, "हुकूम आहे तो." आणि माझ्याकडे असे बघायचे की पुन्हा उठवायचा विषय मी काढू नये.

दरम्यान अण्णा खंगत चालले होते. जेवण घासाभरावर आलं होतं. पण झोपायचे. तेवढं एक सुख होतं, आणि ते माझ्या मूर्खपणातून आलेलं असलं तरी मला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशीही तो नेहमीसारखाच आला. हमाल आणले नव्हते. बायको आत चहा टाकत होती. मी दारातच हसून सांगितलं, "आज खरोखरच झोपलेत हो. तुम्ही यायच्या आधीपासून. आज सोंग नाही." मला फार बरं वाटत होतं. सोंगाचा उल्लेख आमच्यात पहिल्यांदाच झाला होता, आणि त्याने तो मनावर घेतला नाही.

तो पायथ्याशी उभा राहिला. अंगठा सैल होता. अगदी सैल, बाजूला पडलेला. त्याने खाली वाकून, गुडघे दुखत असताना, तो अंगठा आपल्या मुठीत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग तो बाकड्यावर बसला, कागद काढला आणि नेहमीचंच लिहिलं. खाट वापरात आहे. इसम झोपेत आहे. घडी घालून कागद खिशात ठेवला.

"वहिनींना बोलवा," तो म्हणाला.

"चहा होतोय," मी म्हणालो.

तो उठला आणि खाटेचा दांडा फिरवायला लागला. कर्र कर्र करत डोक्याकडची बाजू खाली यायला लागली, आणि तिच्याबरोबर अण्णा.

"अहो, सपाट नका करू," मी पुढे झालो. "त्यांना दम लागतो."

"आता नाही लागणार," तो म्हणाला, आणि खाट पूर्ण खाली येईपर्यंत सावकाश दांडा फिरवत राहिला.